वेबसाइट बघून मंडळी शोधताना काय वाचावं

सलाम ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमानांची बदली डॅलसजवळच्या प्लेनोला झाली आहे. माहेर-सासर दोन्हीकडचे नगरचे, दोन्हीकडे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). मुलगा सातवीत, मुलगी अजून बालवाडीत, आणि वर्षभरात सासूबाई येणार. नकाशात पाहिलं तर घरापासून वीस मिनिटांच्या आत चर्चच चर्च. वेबसाइट उघडाव्यात तर सगळ्यांवर तीच हसरी माणसं, तेच 'वेलकम होम'. यातून आपल्याला जमेल अशी मंडळी ओळखायची कशी?

अमेरिकेतल्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीत मी वडील (एल्डर, म्हणजे कारभार पाहणारा सभासद) म्हणून बरीच वर्षं सेवा केली आहे. नवीन आलेल्यांना भेटणं आणि वेबसाइटचा मजकूर लिहिणं ही दोन्ही कामं आमच्याकडे एकाच समितीकडे असतात. त्यामुळे हा मजकूर कसा तयार होतो ते आतून माहीत आहे, आणि भारतातून येणाऱ्या अनेक कुटुंबांबरोबर बसून दुसऱ्यांच्या वेबसाइटही चाळल्या आहेत. त्यावरून सांगतो: पाहुण्यांसाठी लिहिलेली पानं झटपट उरका आणि मंडळीने आपल्याच माणसांसाठी टाकलेली पानं सावकाश वाचा. 'आय ॲम न्यू', 'प्लॅन युवर व्हिजिट' ही पानं आमच्यासारखी समिती शब्द तोलून लिहिते. बुलेटिन, महिन्याचं कॅलेंडर, नोकरीची जाहिरात, वार्षिक सभेचा अहवाल लिहिताना मात्र तुम्ही वाचाल हे कुणाच्या मनातही नसतं.

दर्शनी पानावरून उपासनेची वेळ, पत्ता आणि पार्किंग एवढंच घ्या. पत्ता एखाद्या शाळेचा असेल तर मंडळी बहुधा नवीन आहे. 'कॅम्पस' हा शब्द दिसला, म्हणजे एकच मंडळी अनेक ठिकाणी भरत असेल, तर तुमच्या कॅम्पसवर पाळक समोर उभे राहून बोलतात की संदेश पडद्यावर येतो, ते पाहा. फोटोंवर जाऊ नका, त्यातले पुष्कळ विकत घेतलेले असतात.

पहिला शोध पंथाचा. आपल्याकडे पाटीवरच सगळं कळतं: सीएनआय, मेथडिस्ट, साल्वेशन आर्मी. टेक्सासमध्ये तसं नाही. पुष्कळ बॅप्टिस्ट आणि असेंब्लीज ऑफ गॉड मंडळ्यांनी नावातून पंथ काढून टाकला आहे. नाव 'ग्रेस', 'रिव्हर', 'लाइफ' असं काहीतरी, आणि मूळ कुठलं ते पानभर शोधूनही सापडत नाही. ते दानाच्या आणि कार्यक्रमांच्या पानांवर सापडतं. डिसेंबरात 'लॉटी मून' अर्पण किंवा ईस्टरला 'ॲनी आर्मस्ट्राँग' अर्पण गोळा होत असेल तर मंडळी सदर्न बॅप्टिस्ट वळणाची. तरुणांच्या पानावर 'स्पीड द लाइट' किंवा मुलग्यांसाठी 'रॉयल रेंजर्स' असेल तर असेंब्लीज ऑफ गॉड. महिला मंडळ 'माइट बॉक्स'मध्ये नाणी जमवत असेल तर मिसुरी सिनॉड ल्यूथरन. कारभार 'सेशन'कडे असेल तर प्रेस्बिटेरियन, 'वेस्ट्री'कडे असेल तर एपिस्कोपल किंवा अँग्लिकन. बजेटमध्ये 'अपोर्शनमेंट' असेल तर मेथडिस्ट.

पंथ कळला तरी शाखा पाहावी लागते. प्रेस्बिटेरियनांमध्ये पीसीयूएसए आणि पीसीए अशा दोन मोठ्या शाखा आहेत. पीसीए १९७३ साली वेगळी निघाली आणि तिथे स्त्रियांना पाळक किंवा वडील होता येत नाही. ल्यूथरनांमध्ये ईएलसीए आणि मिसुरी सिनॉड यांच्यात तेवढंच अंतर. युनायटेड मेथडिस्टांमधून २०१९ ते २०२३ या काळात सात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. वादाचं कारण मुख्यतः समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा. बाहेर पडलेल्यांपैकी कित्येक २०२२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या, काही स्वतंत्र राहिल्या. म्हणून जुनी पाटी तशीच असली तरी वेबसाइटच्या अगदी तळाचा मजकूर वाचा. तिथे बदल दिसतो.

आता नगरच्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्ट. आपल्याकडचं मिशनचं काम उभं केलं अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने. हा बोर्ड १८१० चा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले ते त्याच्याचकडून, आणि नगरला काम १८३१ पासून. तो बोर्ड पाठवणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्या १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये, म्हणजे यूसीसीमध्ये सामील झाल्या. तेव्हा कागदावर पाहिलं तर आपलं आजोळ यूसीसी. नगरकडची माणसं मोठ्या आपुलकीने तिथे जातात आणि पहिल्याच रविवारी गोंधळतात, कारण यूसीसी आज अमेरिकेतल्या सगळ्यात उदारमतवादी पंथांपैकी आहे. समलिंगी विवाहाला त्यांच्या सिनॉडने २००५ सालीच पाठिंबा दिला. वेबसाइटवर 'ओपन अँड अफर्मिंग' लिहिलेलं असेल तर अर्थ तोच. मेथडिस्टांकडे हेच 'रिकन्सायलिंग', प्रेस्बिटेरियनांकडे 'मोअर लाइट'. याउलट 'बिब्लिकल मॅरेज' किंवा 'कॉम्प्लिमेंटेरियन' हे शब्द असतील तर मंडळी दुसऱ्या टोकाची. तुम्हाला यातलं कुठलं पटतं ते तुमचं तुम्ही ठरवा, घरात आधी बोलून ठरवा. आजोळाचं नाव पाहून मात्र ठरवू नका.

'व्हॉट वुई बिलीव्ह' हे पान तुमच्या बाबतीत एका मुद्द्यासाठी बारकाईने वाचायला हवं, तो म्हणजे बाप्तिस्मा. १९७० मध्ये नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा बालबाप्तिस्मा देणारे आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांना देणारे असे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही. टेक्सासमध्ये तो पहिल्या महिन्यात पडतो. 'बिलिव्हर्स बॅप्टिझम बाय इमर्शन' असं लिहिलेलं असेल तर तान्हेपणी झालेला तुमचा बाप्तिस्मा तिथे सहसा धरला जात नाही. उपासनेला कुणी अडवणार नाही, पण सभासद व्हायचं म्हटलं की पुन्हा पाण्यात उतरायला सांगतील. तुम्हाला चालेलही. सासूबाईंना सत्तरीत असं सांगितलेलं चालेल का, हा विचार आधी करा. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, ल्यूथरन, एपिस्कोपल यांच्याकडे ही अडचण नाही. मिसुरी सिनॉडमध्ये बाप्तिस्मा मानतात, पण प्रभुभोजन बाहेरच्यांना खुलं नसतं. बुलेटिनमध्ये 'आधी पाळकांना भेटा' अशी ओळ असते ती त्यासाठीच.

त्याच पानावर त्रैक्याबद्दलचं, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती असल्याबद्दलचं, वाक्य शब्दशः वाचा. 'एकच देव, जो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या रूपांत प्रकट झाला' असं असेल आणि जोडीला 'केवळ येशूच्या नावाने' बाप्तिस्मा असेल, तर ती बहुधा त्रैक्य न मानणारी पेंटेकॉस्टल शाखा आहे. वाक्य इतकं ओळखीचं वाटतं की भलेभले पुढे वाचत जातात. प्रेषितांचा मतांगिकार किंवा नायसीन मतांगिकार मानतो असं स्पष्ट लिहिलं असेल तर शोध सोपा होतो. असेंब्लीज ऑफ गॉड त्रैक्य मानतात, पण अन्य भाषा बोलणं (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं) हा पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पहिला दृश्य पुरावा, असं त्यांच्या मतांमध्ये लिहिलेलं आहे. मुलगा किशोरवयात शिरतोय, तेव्हा तरुणांच्या शिबिरात यावर किती भर असतो ते विचारून घ्या.

आता बुलेटिन. माझ्या मते सगळ्या वेबसाइटमध्ये सगळ्यात खरं बोलणारा कागद हाच. बहुतेक जुन्या मंडळ्या रविवारचं बुलेटिन पीडीएफ करून टाकतात, आणि ते सापडतं कुठेतरी 'रिसोर्सेस' किंवा 'न्यूज'च्या खाली. चार आठवड्यांची उतरवून घ्या आणि शेवटच्या पानापासून वाचा. तिथे बऱ्याचदा गेल्या रविवारची हजेरी, आलेलं दान आणि आठवड्याची गरज असे तीन आकडे शेजारी छापलेले असतात. गरजेपेक्षा दान चारही आठवडे बरंच कमी असेल तर मंडळी कमाईवर नाही, साठवणीवर चालली आहे. त्यात वाईट काही नाही, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे पाळक पूर्णवेळ राहतील का, हा प्रश्न उरतो. मग प्रार्थनेची यादी वाचा: गुडघ्याची शस्त्रक्रिया, केमो, आजोबांचं निधन अशीच नावं आहेत, की बाळंतपण, नोकरी, परीक्षाही आहेत? त्यावरून मंडळीचं वय कळतं. वेदीवरची फुलं कुणाच्या आठवणीत आहेत, संडे स्कूलला शिक्षक हवेत ही सूचना किती आठवडे तशीच आहे, एकच आडनाव वाचक, स्वागतक आणि खजिनदार म्हणून येतं का, हेही पाहा. आपल्याकडेही अशी एक-दोन घराणी असतात, त्यामुळे तुम्हाला ते लगेच दिसेल.

बुलेटिनच नसेल तर कॅलेंडर बघा. मोठ्या स्वतंत्र मंडळ्या बुलेटिन छापत नाहीत, सगळं ॲपवर असतं. कॅलेंडरवर आठवड्यातले घरगुती गट किती, कुठल्या पिनकोडला, सकाळचे की संध्याकाळचे, ते दिसतं. बायकांचा बायबल अभ्यास मंगळवारी सकाळी दहालाच असेल, तर नोकरी करणाऱ्या बाईला तिथे जागा नाही.

एखादी मंडळी पाळकाच्या शोधात असेल तर तिला लगेच बाद करू नका. 'इंटरिम' किंवा 'ट्रान्झिशनल पास्टर' असं लिहिलेलं दिसेल. अशा मंडळ्या नव्या पाळकासाठी स्वतःबद्दल एक टिपण तयार करतात आणि पुष्कळदा ते वेबसाइटवरच ठेवतात. त्यात सभासदांचं वय, दहा वर्षांतली हजेरी, झालेली भांडणं, भविष्याबद्दलची भीती असं सगळं बऱ्यापैकी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, कारण येणाऱ्या पाळकाला फसवून चालत नाही.

व्हिडिओचं म्हणाल तर ईस्टर आणि नाताळ सोडून द्या. जुलैमधला एखादा रविवार आणि ईस्टरनंतरचा रविवार बघा. संदेश लागोपाठचे दोन आणि मुख्य पाळक सुट्टीवर असतानाचा एक, असे ऐका. शास्त्रपाठ वाचून त्यावर बोलतात की आधी विषय ठरवून वचनं गोळा करतात, विनोद कुणावर करतात, पैशाचा विषय कसा काढतात. 'बी पेरा म्हणजे शंभरपट मिळेल' या थाटात दान मागत असतील तर पुढे ऐकायची गरज नाही, असं माझं मत. आणखी एक: ३ नोव्हेंबर २०२४ चा संदेश शोधा. दोन दिवसांवर निवडणूक होती. त्या रविवारी पाळक काय बोलले आणि प्रार्थना कुणासाठी केली, यावरून त्या इमारतीत तुमच्या शेजारी कोण बसणार आहे याचा अंदाज येतो. आणि उपासना संपल्यावर कॅमेरा लगेच बंद झाला नाही तर ती दोन मिनिटं जरूर बघा. माणसं घोळक्याने उभी राहतात की बाहेर पळतात? एकटं कुणी उभं असेल तर त्याच्याशी बोलायला कुणी जातं का?

मिशनचं पान आपल्यासाठी तर आरसाच आहे. पुष्कळ मंडळ्या भारतातल्या कुठल्या तरी कामाला पैसे देतात आणि त्याबद्दल लिहितात. कसं लिहितात ते वाचा. काही ठिकाणी भारतातल्या संस्थेचं नाव, तिथल्या प्रमुखाचं नाव, त्यांचं स्वतःचं म्हणणं असतं. काही ठिकाणी नाव-गाव नसलेल्या पोराचा अनवाणी फोटो, 'अंधारात चाचपडणारे कोट्यवधी', आणि महिन्याला इतके डॉलर. सुरक्षिततेसाठी नावं झाकतात हे मला माहीत आहे आणि ते समजूही शकतो. पण सूर झाकता येत नाही. तुमच्या हिंदू शेजाऱ्यांबद्दल, मावशीच्या घरच्या गणपतीबद्दल त्या पानावरच्या भाषेत तुमच्या मुलाने बोलावं असं तुम्हाला वाटतं का? आणि कॉफीच्या टेबलावर तुम्हाला 'ख्रिस्ती कधी झालात' असं विचारणारी मंडळी बहुतेक हीच असते. दोनशे वर्षांचा इतिहास दर रविवारी समजावून सांगत बसायला कंटाळा येतो.

कारभाराबद्दल. 'लीडरशिप'च्या पानावर पाळक आणि त्यांच्या पत्नीचा फोटो, मुलगा उपासना चालवतो, सून मुलांचा विभाग बघते, आणि वडीलजनांची नावं कुठेच नाहीत, असं असेल तर सरळ विचारा की पाळकांचा पगार कोण ठरवतं आणि त्यांना काढू कोण शकतं. काही स्वतंत्र मंडळ्यांमध्ये हा अधिकार बाहेरगावच्या पाळकमित्रांच्या मंडळाकडे असतो. आपल्याकडच्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकांना विटलेल्या माणसाला ही व्यवस्था सुरुवातीला फार शांत वाटते, पण भांडण झालं की दाद मागायला जागा राहत नाही. अमेरिकेत चर्चना इतर धर्मादाय संस्थांसारखं दरवर्षी हिशेबाचं 'फॉर्म ९९०' भरावं लागत नाही, म्हणून बजेट दाखवणं-न दाखवणं त्यांच्या मर्जीवर असतं. जी मंडळी आपणहून दाखवते तिला एक गुण जास्त. तळाशी 'ईसीएफए'चं, म्हणजे आर्थिक व्यवहारांची पारदर्शकता पाहणाऱ्या संस्थेचं, चिन्ह असेल तर ठीक, नसेल म्हणून संशय नको. जुन्या पंथांच्या मंडळ्या सहसा त्यात नसतात.

मुलांच्या विभागाची रंगीत पानं सोडा, नियम शोधा. लहान मुलांच्या खोलीत कायम दोन मोठी माणसं, स्वयंसेवकांची पोलिस-पार्श्वभूमी तपासणी, मूल सोडताना-नेताना जुळणारा नंबर, या तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. सदर्न बॅप्टिस्टांच्या लैंगिक अत्याचारांच्या हाताळणीवरचा अहवाल मे २०२२ मध्ये बाहेर आल्यापासून बऱ्याच मंडळ्या हे ठळकपणे मांडतात. लिहिलेलं नसेल तर फोन करा. 'आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो' हे उत्तर मिळालं तर मुलीला तिथे एकटी सोडू नका.

शंका वाटणाऱ्या मंडळीचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून तीन-चार वर्षांपूर्वीची पानं पाहा. तेव्हाचे सात पाळक-कर्मचारी आणि आताचे सात यात एकही नाव सामायिक नसेल, किंवा विश्वासाच्या पानात एखादा परिच्छेद अचानक वाढला असेल, तर मधे काहीतरी झालेलं असतं. काय झालं ते भेटीत विचारा. नीट उत्तर देणारी मंडळी असते.

सासूबाईंचं वेगळं. त्या गाडी चालवणार नाहीत, इंग्रजी जेमतेम. डॅलस परिसरात केरळच्या मार थोमा आणि सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) मंडळ्या आहेत आणि दोघांचंही सीएनआयशी पूर्ण सहभागितेचं नातं आहे. म्हणजे प्रभुभोजनाला त्यांना कुणी अडवणार नाही. उपासना मल्याळममध्ये असते, पण महिन्यातून काही रविवार इंग्रजीत असतात, ते त्यांच्या कॅलेंडरवर दिसतं. जेवणानंतरच्या गप्पांना त्यांना तिथे जास्त बरं वाटेल, असा माझा कयास. शिवाय नगरची मंडळी यूट्यूबवर थेट असेल तर तिथल्या रविवार सकाळी नऊला तुमच्याकडे शनिवार रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली गीतं त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. ना. वा. टिळकांची भजनं लागली की तुम्हीही बसाल.

एवढं करून यादी तीन नावांवर आणा, जास्त नको. तिघांनाही छोटा ईमेल टाका: आम्ही कोण, कुठून येतो, बालबाप्तिस्मा झालेला आहे, मुलं या वयाची, सभासद व्हायला काय लागतं. उत्तर ठरावीक मजकुराचं आलं की एखाद्या माणसाने लिहून पाठवलं ते लगेच कळतं. मग प्रत्येक ठिकाणी दोनदा जा, एकदा प्रभुभोजनाच्या रविवारी आणि एकदा साध्या.

निघण्यापूर्वी एक काम नगरलाच करून घ्या. सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले, तुमचे दोघांचे दृढीकरणाचे दाखले, आणि पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र, हे सगळं इंग्रजीत, मंडळीच्या शिक्क्यासह. सासूबाईंचा दाखला जुन्या रजिस्टरातून शोधावा लागेल, त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधी द्या.